२८ मिलिमीटरचा सैनिक आणि ३६ मीटरवरचा माणूस

करडा ढीग

टेबलावर खेळायच्या युद्धखेळांची मिनिएचर्स, म्हणजे इवल्या मूर्ती, रंगवणारे इथे किती जण आहेत, याची मला कल्पना नाही. पुण्यातल्या माझ्या बाल्कनीत चार वर्षे हा उद्योग केल्यानंतर एक साधी गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. ती तपासून घ्यावी म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने १९८३ साली 'वॉरहॅमर' हा खेळ आणला. दोन खेळाडू आपापले सैन्य टेबलावर मांडतात, मोजपट्टीने अंतर मोजून तुकड्या पुढे सरकवतात आणि फासे टाकून लढाईचा निकाल लावतात. सैन्यात ऑर्क, एल्फ, बुटके, सांगाडे अशी कल्पित मंडळी असतात. २०१५ मध्ये त्या जगाचा शेवट करून 'एज ऑफ सिग्मार' आला, आणि २०२४ मध्ये 'द ओल्ड वर्ल्ड' या नावाने जुने जग परतही आले. बुद्धिबळाच्या सोंगट्या जशा तयार मिळतात तसे इथे नसते. खोक्यातून करड्या प्लास्टिकच्या चौकटी निघतात, त्यांना जोडलेले हातपाय कापून, घासून, चिकटवून सैनिक आपणच उभा करायचा आणि आपणच रंगवायचा. त्यामुळे रंगवलेल्या सैनिकांपेक्षा न रंगवलेले सैनिक नेहमी जास्त असतात. माझे सदस्यनाम त्यावरूनच घेतले आहे.

आता मूळ मुद्दा. मी सांगाड्यांची वीस जणांची एक तुकडी तीन महिने खपून रंगवली. प्रत्येक बरगडी, प्रत्येक पट्टा आणि ढालीवरचा प्रत्येक खिळा नीट भरला, कुठेही रंग रेषेबाहेर जाऊ दिला नाही. टेबलावर मांडल्यावर मात्र तिचा एक फिकट तपकिरी डाग दिसू लागला. समोरच्या मित्राची तुकडी त्याने एका शनिवार-रविवारात उरकली होती. हातात घेतली तर ओबडधोबड, पण टेबलाच्या पलीकडून पाहिली की एकेक कवटी वेगळी उठून दिसे. मला राग आला, हे कबूल करतो.

मग मी एक हिशेब मांडला. माणूस सुमारे १७०० मिलिमीटर उंच आणि मूर्ती सुमारे २८ मिलिमीटर, म्हणजे प्रमाण साधारण ६० पट. टेबलाशी उभे राहिल्यावर डोळ्यापासून मूर्तीपर्यंतचे अंतर ६० सेंटिमीटर तरी असते. त्याला ६० ने गुणले की ३६ मीटर होतात. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटरची असते. तिच्या पावणेदोन पटींहून थोड्या अधिक अंतरावर उभ्या असलेल्या माणसाचे आपल्याला काय दिसते? त्याच्या डोळ्यांची बुबुळे दिसत नाहीत, सदऱ्याच्या मऊ चुण्या दिसत नाहीत. उजेड आणि अंधार यांचे मोठे तुकडे तेवढे दिसतात. मी तीन महिने ज्या गोष्टी रंगवत होतो त्या त्या अंतरावरून दिसणेच शक्य नव्हते, आणि जे दिसू शकले असते ते मी रंगवलेच नव्हते.

तेव्हा प्रश्न असा, की तुम्ही किती अंतरावरून पाहायची मूर्ती रंगवता?

दशावतारी

तुमचा हिशेब पटला. आमच्या कुडाळकडे हे कोणाला गणिताने समजवावे लागत नाही. दशावतारातल्या राजाला नाटकाआधी जवळून पाहिले तर भुवया बोटभर जाड आणि गालांवरची लाली हास्यास्पद वाटते. पण देवळाच्या मंडपात शेवटच्या रांगेत बसलेल्या म्हातारीला त्याच भुवयांमुळे राजा रागावल्याचे कळते. रंगभूषा चेहऱ्यासाठी नसून चेहरा आणि प्रेक्षक यांच्यामधल्या अंतरासाठी असते. मिनिएचरचेही तेच आहे.

मूर्ती घडवणाऱ्यांनी तर ही तडजोड आधीच केलेली आहे. या खेळातल्या बहुतेक मूर्ती ज्या 'हिरोइक' प्रमाणात असतात त्यात डोके, पंजे आणि शस्त्रे मुद्दाम मोठी ठेवलेली असतात. खऱ्या माणसाच्या प्रमाणात तलवारीचे पाते केले तर ते २८ मिलिमीटरच्या मूर्तीवर कागदासारखे पातळ होईल, दिसणारही नाही आणि टिकणारही नाही. ज्याने पाते तिप्पट जाड केले, त्याच्या मूर्तीवर आपण छाया मात्र खऱ्याइतकीच सौम्य ठेवायची, हे विसंगत आहे.

निळी शाई

करडा ढीग, तुमच्या मित्राने शनिवार-रविवारात काय केले असेल ते मी जवळपास खात्रीने सांगू शकते, कारण सांगाडे रंगवण्याची ती रूढ रीत आहे.

आधी संपूर्ण मूर्तीला काळा प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा अस्तराचा थर, द्यायचा. तो वाळल्यावर डोक्याच्या वरून, आभाळातून पाऊस पडावा तसा, पांढऱ्या प्रायमरचा हलका फवारा मारायचा. याला 'झेनिथल' म्हणतात. कवटी, खांदे आणि बरगड्यांच्या वरच्या कडा पांढऱ्या होतात, हनुवटीखालचा आणि काखेतला भाग काळाच राहतो. सूर्य कुठे आहे हे मूर्तीवर रंग चढण्याआधीच ठरते. मग हाडांचा पिवळसर रंग पातळ करून सगळीकडे द्यायचा, आणि तो वाळला की तपकिरी वॉश. वॉश म्हणजे इतका पातळ रंग की तो उंचवट्यांवर थांबत नाही, खाचांत उतरतो. बरगड्यांमधल्या फटी तो स्वतःच शोधून काढतो. गेम्स वर्कशॉपच्याच सिटाडेल रंगांतल्या ॲग्रॅक्स अर्थशेड आणि न्यूल्न ऑइल या दोन वॉशच्या बाटल्या बहुतेक रंगवणाऱ्यांच्या टेबलावर सापडतील. एकच सावधगिरी बाळगायची: वॉश पायाशी किंवा ढालीच्या मधोमध साचू लागला तर ओल्या कुंचल्याने लगेच टिपून घ्यायचा, नाहीतर चहाच्या कपाखाली उमटते तशी कडेला गडद वर्तुळे उमटतात.

शेवटी ड्रायब्रश. जुन्या, पसरट केसांच्या कुंचल्यावर जवळजवळ पांढरा रंग घ्यायचा आणि तो कापडावर इतका पुसायचा की कुंचल्यात रंग उरलाच नाही असे वाटावे. मग मूर्तीवरून हलकेच फिरवायचा. रंग फक्त उठावाच्या कडा पकडतो. मी गालांना पावडर लावण्याचा गोल ब्रश वापरते, आणि तो कंपनीच्या खास ब्रशपेक्षा सरस ठरला आहे. फवारा मारायला जागा नसेल तर झेनिथलचे कामही काळ्यावर करडा आणि मग पांढरा ड्रायब्रश मारून होते. त्यावर २०१९ पासून मिळू लागलेले कॉन्ट्रास्ट जातीचे रंग दिले की छाया आणि मूळ रंग एकाच हातात निघतात.

या सगळ्या पद्धतीत हात फारसा स्थिर लागत नाही. उजेड कुठे पडतो याचा निर्णय मात्र लागतो, आणि तोच तुमच्या तीन महिन्यांत राहून गेला असावा.

सूक्ष्मदर्शी

मला विरुद्ध बाजू मांडायची आहे. टेबल हे मिनिएचर पाहण्याचे एकमेव ठिकाण नव्हे. गोल्डन डेमन ही स्पर्धा १९८७ पासून आहे आणि तिच्यातल्या सर्वोत्तम मूर्तीला 'स्लेयर स्वॉर्ड' नावाची खरी तलवार मिळते. तिथल्या मूर्ती टेबलाच्या पलीकडून नव्हे, तर नाकासमोर धरून पाहाव्यात अशा रंगवलेल्या असतात. १५ सेंटिमीटरवर धरलेली मूर्ती तुमच्याच हिशेबाने ९ मीटरवरचा माणूस होते, आणि ९ मीटरवरून माणसाचा चेहरा चांगला वाचता येतो. तिथे ड्रायब्रशची खडूसारखी भुकटी सहन होत नाही. तिथे रंगाचे वीस-वीस पारदर्शक थर देऊन छायेतून उजेडात जाणारा उतार गुळगुळीत करावा लागतो.

तिसरे एक अंतर आहे, जे कोणीच मोजत नाही, आणि माझ्या मते नवशिक्यांचा घात तेच करते. आज आपण बहुतेक मूर्ती पडद्यावर पाहतो. २८ मिलिमीटरच्या मूर्तीचे छायाचित्र पडद्यावर १४ सेंटिमीटर उंच दिसले तर ती पाच पट मोठी झाली. ३० सेंटिमीटरवरून ते छायाचित्र पाहणे म्हणजे खरी मूर्ती ६ सेंटिमीटरवर धरण्यासारखे आहे, म्हणजे माणूस ३.६ मीटरवर आला. इतक्या जवळून खरी मूर्ती पाहायची म्हटली तर बहुतेक प्रौढांचा डोळा नीट जुळतच नाही. तरीही आपण रोज ती छायाचित्रे पाहतो, आपल्या सांगाड्याशी त्यांची तुलना करतो आणि खिळे रंगवत बसतो. करडा ढीग यांनी तीन महिने मूर्ती रंगवली ती टेबलासाठी नाही आणि हातासाठीही नाही, पडद्यासाठी रंगवली, असे मला वाटते. राग मानू नये.

करडा ढीग

राग मुळीच नाही. नेमके वर्मावर बोट ठेवलेत. मी प्रत्येक सैनिक संपवल्यावर फोनने फोटो काढून तो मोठा करून पाहत असे आणि दिसलेल्या चुका दुरुस्त करत असे. ज्या चुका उघड्या डोळ्यांना दिसत नव्हत्या त्यांवर महिने गेले.

नवखी वाशीकर

माझा प्रश्न तुमच्या चर्चेपेक्षा खालच्या इयत्तेचा आहे. जुलैमध्ये पहिल्यांदाच पाच सैनिकांवर स्प्रे प्रायमर मारला आणि त्यांच्या अंगावर वाळूचा थर बसल्यासारखे झाले. वर दिलेला रंगही पट्ट्या पट्ट्यांनी बसला. अंतराचा विचार करण्याआधी हे निस्तरायचे कसे?

जांभा

ताई, जुलैत वाशीला स्प्रे मारला यातच उत्तर आहे. फवाऱ्याचे थेंब मूर्तीपर्यंत पोहोचण्याआधी हवेतच अर्धे सुकले किंवा हवेतला दमटपणा त्यांच्यात मिसळला की पृष्ठभाग खरखरीत होतो. मॅट व्हार्निशच्या फवाऱ्याचे याहून वाईट होते: पूर्ण झालेल्या मूर्तीवर पांढरे धुके चढते. माझा एक अख्खा घोडदळाचा गट ऑगस्टमध्ये असा गेला होता. त्यावर कुंचल्याने चकचकीत व्हार्निश दिल्यावर धुके बरेचसे उतरले, पण घोडे आजही घामाघूम दिसतात. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर स्प्रेला हात लावू नये. कुंचल्याने लावायचा ॲक्रिलिक प्रायमर मिळतो, तो लावावा. स्प्रेची कामे दिवाळीनंतर, कोरड्या दुपारी उरकावीत, डबा खूप हलवावा आणि एका जागी न थांबता सुमारे वीत-दीड वीत अंतरावरून फवारा फिरवावा.

बिघडलेले पाच सैनिक टाकू नका. त्यांना घट्ट झाकणाच्या बरणीत डेटॉलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. ही युक्ती इंग्लंडमधल्या छंदकऱ्यांत जुनी आहे आणि कडक प्लास्टिकला व धातूला ती चालते. रेझिनवर आधी एखादा तुकडा तपासून पाहावा. दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, जुन्या टूथब्रशने डेटॉलमध्येच घासा. पूर्ण घासून होईपर्यंत पाणी लावायचे नाही हा नियम पाळा, कारण पाणी लागले की सुटलेल्या रंगाचा डिंकासारखा चिकट गोळा होतो आणि तो खाचांतून निघता निघत नाही. नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन कृपया वापरू नका. त्याने प्लास्टिक विरघळते आणि सैनिकाचे मेणबत्तीसारखे होते.

पट्ट्यांचे कारण घट्ट रंग. गेम्स वर्कशॉपच्या चित्रफितींतून डंकन ऱ्होड्स यांनी 'दोन पातळ थर' हा मंत्र जगभर पोहोचवला आणि तो खरा आहे. रंग साय काढलेल्या दुधाइतका पातळ हवा. पहिला थर खराब दिसणारच. तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग दुसरा द्यावा. आपल्या उन्हाळ्यात रंग कुंचल्यावरच सुकतो, त्यामुळे ओली पॅलेट लागते. ती विकत आणू नका. चपट्या डब्यात भांडी पुसण्याचे स्पंजाचे फडके भिजवून ठेवावे आणि त्यावर केक भाजताना वापरतात तो कागद पसरावा. पाणी कागदातून हळूहळू वर येत राहते आणि रंग काही तास ओला राहतो. झाकण लावून ठेवले तर दुसऱ्या दिवशीही चालतो. मात्र आपल्या हवेत आठवड्याभरात बुरशीचा वास येतो, म्हणून मी फडक्याखाली तांब्याचे एक जुने नाणे ठेवतो.

नवखी वाशीकर

धन्यवाद. बेससाठी, म्हणजे मूर्ती उभी असते त्या तळासाठी, काय वापरता, आणि कुंचला कोणता घ्यावा? दुकानदाराने 'मुंगसाच्या केसांचा, सर्वांत टोकदार' म्हणून एक दाखवला होता.

सूक्ष्मदर्शी

तो घेऊ नका आणि त्या दुकानातून काहीच घेऊ नका. मुंगूस हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित प्राणी आहे आणि त्याच्या केसांच्या कुंचल्यांचा व्यापार हा गुन्हा आहे. एकेका कुंचल्यासाठी प्राणी मारले जातात. परदेशात रंगवणारे ज्याची शिफारस करतात तो कोलिन्स्की सेबल वेगळा, सायबेरियन वीझलच्या शेपटीच्या केसांचा. विन्सर अँड न्यूटनची सिरीज ७ त्यासाठी प्रसिद्ध आहे. ती १८६६ मध्ये व्हिक्टोरिया राणीसाठी केली गेली आणि तिला सात क्रमांकाचा कुंचला आवडे म्हणून ते नाव पडले, असे सांगतात. सुरुवातीला चांगला कृत्रिम केसांचा कुंचला पुरतो. त्याचे टोक काही महिन्यांत आकड्यासारखे वळते. मग त्याला ड्रायब्रशच्या कामाला लावावे.

क्रमांकाबद्दल एक गैरसमज दूर करतो. बारीक कामासाठी तीन शून्यांचा कुंचला लागत नाही. त्याच्या पोटात रंग मावत नाही आणि मूर्तीपर्यंत जाईतो टोक सुकते. एक किंवा दोन क्रमांकाचा, टोक शाबूत असलेला कुंचला घ्यावा. डोळासुद्धा त्यानेच होतो. कुंचला तोंडात घालून टोक करण्याची सवय लावून घेऊ नये आणि धातूच्या चमकीचे रंग धुतलेल्या पाण्यात दुसरा रंग धुऊ नये, नाहीतर पुढच्या एल्फच्या गालावर चमकी उतरते.

दशावतारी

बेससाठी: फेविकॉलमध्ये थोडे पाणी, वर चहाच्या गाळणीने चाळलेली नदीची वाळू, मधूनच नारळाच्या काथ्याचे दोन धागे. माझ्या सांगाड्यांचे बेस मी जांभ्याच्या लाल रंगात करतो. हाड पिवळे आणि माती लाल असल्याने मूर्ती दुरूनही जमिनीपासून सुटून दिसते, म्हणजे तेही पुन्हा अंतराचेच काम करते. कॅमलचे ट्यूबमधले ॲक्रिलिक रंग चित्रफलकासाठी घट्ट केलेले असतात. ते मूर्तीच्या चेहऱ्यावर नकोत, पण बेस, तटबंदी आणि टेकड्या यांना उत्तम आणि खिशाला परवडणारे. दिवाळीतला किल्ला ज्यांनी केला आहे त्यांना या भागात शिकण्यासारखे फार नाही.

निळी शाई

डोळ्यांचा विषय निघालाच आहे, तर धागाकर्त्यांच्या प्रश्नाशी तो जोडते. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी आणि सर्वांत जाणता हात करतो, म्हणून आपल्याला वाटते की डोळे झाले म्हणजे मूर्ती झाली. २८ मिलिमीटरवर हे उलटते. ३६ मीटरवरून बुबुळ दिसत नाही. पांढऱ्या ठिपक्यात काळा ठिपका दिला तर सैनिक भूत पाहिल्यासारखा दिसतो. तुकडीतल्या सैनिकांना मी डोळ्यांच्या जागी फक्त गडद तपकिरी छाया देते आणि त्याऐवजी भुवईचे हाड, नाकाचा शेंडा आणि गाल उजळते. चेहरा लगेच वाचता येतो. सेनापतीला मात्र डोळे रंगवते, कारण त्याला लोक हातात घेऊन पाहतात. तिथे डोळा आधी करायचा आणि पापणीची कातडी नंतर भरून त्याचा आकार लहान करायचा. बुबुळ वरच्या पापणीला टेकलेले ठेवले की घाबरल्याचा भाव जातो.

कातडीबद्दलही सांगायचे होते. चित्रफितींतल्या बहुतेक कृती गुलाबी गोऱ्या कातडीच्या आहेत. माझ्या सैन्यातली माणसे मी सावळी करते. त्या कृती फक्त गडद करून भागत नाही. सावळ्या रंगाच्या छायेत काळा मिसळला तर कातडी राखेसारखी मेलेली दिसते; छायेत तांबूस किंवा जांभळट तपकिरी हवा. उजळताना पांढरा मिसळला तर खडू फासल्यासारखे होते. त्याऐवजी गेरूतला पिवळा थोडा घ्यावा. मी राइनॉक्स हाइड या गडद तपकिरीपासून सुरू करते आणि गालावर, खांद्यावर शेवटचा ठिपका बराच उजळ ठेवते, कारण सावळ्या त्वचेवर उजेडाची चकाकी जास्त ठळक उमटते. दुरून तोच ठिपका दिसतो.

सूक्ष्मदर्शी

सेनापती आणि शिपाई यांच्यासाठी दोन वेगळी अंतरे, ही तोड मला मान्य आहे. फक्त एक दुरुस्ती: स्पर्धेच्या मूर्तीतही छाया-प्रकाशाचा फरक कमी नसतो. पोलादाची चकाकी धातूच्या रंगाशिवाय, केवळ काळे, करडे आणि पांढरे वापरून रंगवतात तेव्हा पात्यावर काळ्याशेजारी थेट पांढरा येतो. म्हणजे फरक दोन्हीकडे तितकाच. वेळ लागतो तो मधल्या उतारांना. वीस शिपायांना तो वेळ देऊ नये.

करडा ढीग

रविवारी प्रयोग केला. जुन्या तुकडीतले पाच सांगाडे घेतले, डेटॉलमध्ये न घालता आहे त्याच रंगावर गडद वॉश दिला आणि जवळजवळ पांढऱ्याने ड्रायब्रश केला. पाचांना मिळून चाळीस मिनिटे लागली. मग त्यांना उरलेल्या पंधरांमध्ये मिसळून जमिनीवर ६० सेंटिमीटरची खूण केली आणि बायकोला, काहीही न सांगता, वेगळे कोणते ते ओळखायला सांगितले. तिने पाचही उचलून दिले आणि विचारले, "हे नवीन आणलेस का?"

हातात घेतल्यावर ते पाच आधीपेक्षा वाईट दिसतात, यात शंका नाही. दातांवर भुकटी बसली आहे आणि एका ढालीवर वॉशचे वर्तुळ उमटले आहे. उरलेल्या पंधरांनाही तेच करायचे ठरवले आहे. झेंडा धरणारा एक तेवढा तसाच ठेवणार. खिळे त्याचेच सर्वांत चांगले झाले आहेत.

नवखी वाशीकर, तुमचे पाच जण बरणीतून निघाले का?

नवखी वाशीकर

चार निघाले. पाचव्याला मी घाईने नळाखाली धरले, आणि तो अजून टूथब्रशला चिकटलेला आहे.